भाषा गेली, तरी चिलीतल्या पॅलेस्टिनींचं वजन कसं टिकलं?

नंदगडचा पंक्या (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावात टिळकवाडीत रूम करून शिकायलोय. विषय लांबचा आहे, पण विचारायचा इथंच.

परवा टर्फवर एक पोरगा लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची जर्सी घालून आला. मला वाटलं इटलीच्या कुठल्या क्लबाची असेल. तर म्हणाला, चिलीतल्या 'पालेस्तिनो' क्लबाची. पॅलेस्टाईनपासून १३ हजार किलोमीटरवर, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणारा क्लब आणि नाव पॅलेस्टाईनचं! रूमवर येऊन वाचत बसलो. अरब जगाच्या बाहेर पॅलेस्टिनी वंशाची सगळ्यात जास्त माणसं चिलीत आहेत म्हणे, अंदाज चार ते पाच लाखांचा. देशाची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास, म्हणजे शंभरात दोन-अडीच माणसं. पण सेनेटर, महापौर, बँका, मॉल, कुठंही बघा, ही आडनावं आहेतच.

आता खरी भानगड. हे मी रविवारी घरी जेवताना सांगितलं. आमचे मामा महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते, हा सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधात निघणाऱ्या एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत कायम पुढं. त्यांनी एवढंच विचारलं, "अरबी बोलतात का ती माणसं अजून?" मी म्हटलं, बहुतेक नाही, स्पॅनिशच. तर म्हणाले, "मग कसले पॅलेस्टिनी? भाषा गेली की खेळ खल्लास." मला काही उत्तर देता येईना, पण पटलंही नाही.

तर विचारतो: या लोकांचा तिथं एवढा जोर आला कुठनं? भाषा गेली तरी तो राहिला कसा? आणि खरंच जोर आहे, की नुसता क्लब आणि झेंडा? कुणी तिकडं जाऊन आलेलं असेल तर फारच बरं.

निपाणीकर बाई

पंक्या, मी शाळेत इतिहास शिकवायची. सुरुवातीचं मी सांगते, आताचं दुसरं कुणीतरी सांगेल.

आधी एक ध्यानात घे, ही माणसं १९४८ ची निर्वासित नव्हेत. बहुतेकांचे पणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पहिल्या महायुद्धाच्या मागेपुढे गेले, आणि गेले ते मुख्यतः बेथलेहेम, बैत जाला आणि बैत साहूर या एकमेकांना लागून असलेल्या गावांतून. तिथली वस्ती तेव्हा बहुतांश ख्रिस्ती, त्यातही ऑर्थोडॉक्स पंथाची. बेथलेहेमचे कारागीर ऑलिव्हच्या लाकडाच्या आणि शिंपल्याच्या जपमाळा, क्रूस करून यात्रेकरूंना विकत. तोच माल घेऊन काहीजण परदेशातल्या प्रदर्शनांत पोचले, १८९३ च्या शिकागोच्या मेळ्यातसुद्धा. तिकडं माल खपतो हे कळल्यावर मग भाऊ, मेहुणे, भाचे यांची रांगच लागली. त्यात १९०९ मध्ये तिथं तेव्हा राज्य करणाऱ्या ऑटोमन, म्हणजे तुर्की, सरकारनं मुसलमान नसलेल्या तरुणांनाही सक्तीच्या लष्करभरतीत ओढलं. आयांनी पोरांना जहाजावर बसवून दिलं.

चिलीला जायचं तर जहाज ब्युनोस आयर्सला लागायचं आणि पुढं अँडीज ओलांडायचा. १९१० मध्ये डोंगरातली रेल्वे सुरू झाली, त्याआधी हा टप्पा खेचरावरून व्हायचा. कागदपत्रं तुर्की साम्राज्याची, म्हणून तिथले लोक त्यांना 'तुर्क' म्हणून हिणवायचे.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढची आहे. साम्राज्य बुडालं, ब्रिटिश आले. त्यांनी १९२५ मध्ये पॅलेस्टाईनच्या नागरिकत्वाचा आदेश काढला. परदेशी गेलेल्यांसाठी त्यात अशा अटी होत्या की लॅटिन अमेरिकेतून केलेले बहुतेक अर्ज फेटाळले गेले. जुना देश नकाशावरून पुसला गेलेला, नव्या देशाच्या यादीत नाव नाही. म्हणजे ज्यांना परतायचं होतं त्यांचं दार १९४८ च्या कितीतरी आधीच, एका सरकारी कागदानं लागलं. सीमाभागातल्या माणसाला यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीवर मतदान झालं. तटस्थ राहिलेल्या दहा देशांत चिली, होंडुरास आणि एल साल्वादोर होते. तिन्हीकडं बेथलेहेमकडची वस्ती मोठी. सगळं श्रेय त्या वस्तीला देता येणार नाही, पण योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही.

उद्यमबाग रिटायर्ड

मी जाऊन आलोय, एकदा नव्हे, बऱ्याचदा. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या एका कारखान्यात मी सर्व्हिसला होतो. चिलीत तांब्याच्या खाणी, तिथल्या यंत्रांना आमचे सिलिंडर. सील गळायला लागलं की फोन यायचा आणि मला विमानात बसवायचे. काम अंतोफागास्ताकडच्या वाळवंटात, जिथं वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. सुटे भाग कस्टममध्ये अडकले की मुक्काम सांतियागोत. आमचे साहेब चिडायचे, मी मात्र त्या कस्टमवाल्यांचे आभार मानायचो.

आमच्या तिथल्या एजंटाचा स्टोअर मॅनेजर बैत जालाच्या घराण्यातला होता. पणजोबा आलेले. त्याला अरबी किती येत होतं म्हणशील तर खाण्याच्या पदार्थांची नावं, दोन-चार शिव्या आणि आजीनं पाठ करून घेतलेली एक प्रार्थना. बस्स. आयुष्यात बेथलेहेमला गेलेला नव्हता. पण टेबलाच्या काचेखाली बैत जालाच्या चर्चचा फोटो, आणि पहिल्या भेटीत मी 'इंडिया' म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "तुमच्या देशानं पॅलेस्टाईनला मान्यता कधी दिली?" मला १९८८ हे साल पाठ होतं म्हणून वाचलो. त्यानंतर आमचे सुटे भाग कधी हरवले नाहीत.

त्यानंच मला पात्रोनातोला नेलं. सांतियागोत मापोचो नदीच्या उत्तरेला रेकोलेता भागात हा कापडबाजार आहे, मेट्रोचं स्टेशनच त्या नावाचं. गणपतीच्या आदल्या दिवशी आपला खडेबाजार असतो तशी गर्दी. पूर्वी सगळी दुकानं अरबांची, आता त्यातली कितीतरी कोरियन आणि चिनी लोकांकडं गेलीत. मुलं शिकली, डॉक्टर-वकील झाली, गल्ल्यावर बसायला कुणाला वेळ आहे? पण संत जॉर्जचं ऑर्थोडॉक्स चर्च तिथंच आहे, १९१७ पासून. आणि खाणं. द्राक्षाच्या पानात भात-खिमा गुंडाळून शिजवतात, तो पदार्थ आता नुसता अरबांचा राहिलेला नाही, तिकडचे बाकीचे लोकही घरी करतात.

तिकडं एक बोलणं ऐकलं होतं: चिलीच्या कुठल्याही गावात जा, एक पाद्री, एक पोलीस आणि एक पॅलेस्टिनी सापडणारच. ही माणसं शहरात दाटीवाटीनं बसली नाहीत. पाठीवर गाठोडं घेऊन खेड्यात गेली, उधारीवर सुई-दोरा, कापड विकलं, तिथंच दुकान टाकलं. त्यामुळं पुढं राजकारणात उतरली तेव्हा प्रत्येक तालुक्यात ओळखीची होती. मतदार कुणी 'अरबाला' मत दिलं नाही, ज्याच्या बापानं पडत्या काळात उधार दिलं त्याच्या पोराला दिलं. धर्मही आड आला नाही. ख्रिस्ती देशात ख्रिस्ती माणसं, लग्नं जमली, पोरं मिसळून गेली. हेच लोक मुसलमान असते तर गोष्ट इतकी सरळ झाली असती का, मला शंका आहे.

आता क्लब. 'पालेस्तिनो' १९२० मध्ये दक्षिणेकडच्या ओसोर्नो गावात सुरू झाला. १९५२ ला व्यावसायिक झाला, १९५५ आणि १९७८ ला देशाचं अजिंक्यपद. ७८ च्या संघात एलियास फिगेरोआ होता. फुटबॉल कळत असेल तर नाव गूगल कर, दक्षिण अमेरिकेतल्या थोर बचावपटूंत त्याला मोजतात. आणि तो काही पॅलेस्टिनी नव्हे! गंमत हीच आहे. क्लबात खेळणारे बहुतेक साधे चिलीयन पोरगे. मी ला सिस्तेर्नाच्या मैदानावर गेलो तेव्हा माझ्या शेजारी बसलेला म्हातारा कुठल्याच बाजूनं अरब नव्हता. गल्लीतला क्लब म्हणून यायचा, आणि गळ्यात कफिया, म्हणजे पॅलेस्टिनी चौकड्यांचा रुमाल, घालून ओरडायचा. उलट काही चिलीत जन्मलेले खेळाडू, रोबेर्तो बिशारा, रोबेर्तो केटलुन, पॅलेस्टाईनच्या राष्ट्रीय संघातून खेळले.

२०१४ च्या जानेवारीत क्लबनं जर्सीवरच्या नंबरातला १ हा आकडा १९४८ पूर्वीच्या पॅलेस्टाईनच्या नकाशाच्या आकाराचा केला. तिथल्या ज्यू समाजानं हरकत घेतली, फुटबॉल संघटनेनं दंड करून तो आकडा बंद पाडला. पण तोवर जगभरच्या पेपरांत फोटो गेला होता. जाहिरातीवर लाखो डॉलर ओतले असते तरी एवढं नाव झालं नसतं. २०२३ ला सुरू झालेल्या गाझाच्या युद्धात तर एका सामन्याआधी खेळाडू मैदानात आले ते एक हात बाजूला धरून, जणू प्रत्येकाच्या बोटाला एक न दिसणारं मूल आहे.

राजकारणाचं बघायचं तर दोन माणसं शेजारी शेजारी ठेव. दानिएल हादुए, कम्युनिस्ट, २०१२ पासून बरीच वर्षं त्याच रेकोलेताचा महापौर, २०२१ ला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या डाव्यांच्या प्राथमिक निवडणुकीत गाब्रिएल बोरिचकडून हरला; तोच बोरिच पुढं राष्ट्राध्यक्ष झाला. आणि फ्रान्सिस्को चाहुआन, बरीच वर्षं उजव्या पक्षाचा सेनेटर. कर, पेन्शन, खाणी, कशावरही या दोघांचं जमणार नाही. पॅलेस्टाईन म्हटलं की दोघं एका सुरात. म्हणून सांतियागोत सरकार कुणाचंही आलं तरी ही गोष्ट सरकारच्या आत पोचलेली असते. २०११ च्या जानेवारीत पॅलेस्टाईनला मान्यता दिली ती उजव्या राष्ट्राध्यक्ष पिन्येरानं. ब्राझील-अर्जेंटिनानं महिनाभर आधी दिली होती, हवा तशी होती, हेही खरं. २०१४ मध्ये गाझावरून इस्रायलमधल्या राजदूताला बोलावून घेतलं ते डाव्या राष्ट्राध्यक्ष बाचेलेतनं. २०२२ मध्ये बोरिचनं इस्रायलच्या नव्या राजदूताची अधिकारपत्रं ठरल्या दिवशी घ्यायचं टाळलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आपला राजदूत परत बोलावला. या तिघांपैकी एकही पॅलेस्टिनी वंशाचा नाही. वजन म्हणतात ते हे. खुर्चीवर आपला माणूस बसवणं सोपं. दुसऱ्याच्या माणसाला आपला प्रश्न आपलासा वाटायला लावणं, ते या लोकांनी करून दाखवलं.

वडगावचा मागवाला

काकांचं सगळं झकास, पण पैशाचं कुठं बोललेच नाहीत. आम्ही कापडवाले, आम्हाला तेच आधी दिसतं.

गाठोडं घेऊन फिरणारा सेनेटर होत नाही ओ. मधे गिरणी लागते. बेथलेहेमहून आलेल्या हुआन यारूरनं १९३७ च्या सुमारास सांतियागोत सुती कापडाची मोठी गिरणी काढली, त्याच साली बँकही काढली, ती आज देशातल्या मोठ्या बँकांत आहे. सुमार, हिर्मास हीसुद्धा अशीच गिरणीवाली घराणी. मंदीनंतर चिलीनं बाहेरचा माल रोखून देशी गिरण्यांना आधार दिला, त्या लाटेवर हे वर आले. पुढं लष्करशहा पिनोचेटच्या काळात आयात मोकळी झाली, गिरण्या बसल्या. आपल्या वडगाव-शहापुरात माग भंगारात गेले तेव्हा मागवाले रिक्षा चालवायला लागले. तिकडच्या मोठ्या घराण्यांनी मात्र आधीच पैसा बँकेत, जागेत, मॉलमध्ये घातला होता. सांतियागोतला १९८२ चा पार्के अराउको मॉल बघा, सैद घराण्याचा.

आणि एकी-बिकी पण जरा सांभाळून सांगा. १९७१ मध्ये डाव्या राष्ट्राध्यक्ष आयेंदेच्या राज्यात यारूर गिरणी कामगारांनी ताब्यात घेतली, सरकारनं राष्ट्रीयीकरण केलं. तेव्हा व्यापारी पॅलेस्टिनी एका बाजूला आणि त्यांचीच डावी पोरं दुसऱ्या बाजूला. पिनोचेट आला तेव्हा कित्येक दुकानदारांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे बैत जाला एक, पण खिसा वेगळा.

मध्य अमेरिकेचं तर बघूच नका. एल साल्वादोरात २००४ च्या निवडणुकीत उजवा आंतोनियो साका आणि डावा शाफिक हांदाल, दोघांची मुळं बेथलेहेमची! साका जिंकला, पुढं भ्रष्टाचारात तुरुंगात गेला. तिथला पुढचा राष्ट्राध्यक्ष बुकेलेही त्याच मुळाचा. पण तो २०१८ मध्ये राजधानीचा महापौर असताना जेरुसलेमला पश्चिमी भिंतीपाशी जाऊन आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यानं लिहिलं ते हमासच्या विरोधात. रक्तानं मत ठरत नाही. पंक्या, एवढं मामांना आधी सांग.

नंदगडचा पंक्या

सगळ्यांचे आभार. मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हादुए-चाहुआनपाशी त्यांनी थांबवलं. म्हणाले, "त्यांचं सोपं आहे. ते देश सोडून गेले, नव्या देशात पाहुणे. आम्ही कुठं गेलो? गाव तेच, उतारा त्याच शेताचा, फक्त उताऱ्यावरची भाषा बदलली. आणि दोन्ही पक्षांत माणसं ठेवायची म्हणजे समिती मोडायची. ती तर मोडलीच आहे." मग जेवण होईपर्यंत गप्प.

काका, याला काय उत्तर?

उद्यमबाग रिटायर्ड

मागवाल्याचं पैशाचं पटलं. मी खाणीकडनं बघितलं, त्यानं गिरणीकडनं.

मामांना अर्धं मान्य करूनच उत्तर द्यावं लागेल. १९५६ ला राज्यांची रेघ इकडं ओढली गेली, बेळगाव कर्नाटकात गेलं, माणसं जागची हलली नाहीत. बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळं आपल्या जमिनीबद्दल आहे. म्हणून सांतियागो आणि बेळगाव शेजारी ठेवताना मी जपून ठेवतो.

पण मामा एक गोष्ट विसरतात. चिलीत पॅलेस्टाईनबद्दल बोलायला कुणाला काही मोजावं लागत नाही. चिलीची एक गुंठा जमीन त्यात जात नाही, पाणी जात नाही, मतंही जात नाहीत. विरोधात उभा राहणारा ज्यू समाज वीस हजारांच्याही आतला. उजव्या सेनेटरला पक्ष म्हणत नाही की गप्प बस. आपल्याकडं खानापूरचा वा बेळगाव ग्रामीणचा आमदार राष्ट्रीय पक्षाचा असला आणि सीमाप्रश्नावर तोंड उघडलं, तर बेंगळुरात त्याची पंचाईत, आणि नाही उघडलं तर येळ्ळुरात. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. याचा दोष एकट्या फाटाफुटीला देऊन चालणार नाही. तो प्रश्न हातात घेणं इथं महाग आहे, तिथं जवळपास फुकट.

आणि फुकटाला मर्यादाही असते. चिलीच्या लष्करानं वर्षानुवर्षं इस्रायलकडून शस्त्रं घेतली, ही मान्यतेची आणि राजदूताची नाटकं चालू असतानाही घेतली. २०२४ च्या सांतियागोच्या हवाई प्रदर्शनातून इस्रायली कंपन्यांना वगळलं, तेव्हा कुठं पहिल्यांदा खिशाला हात लागल्यासारखं झालं. बैत जालाच्या ऑलिव्हच्या बागांवर मात्र यातल्या कशाचाच परिणाम झालेला मी तरी ऐकला नाही.

आता भाषा. मामांचा मूळ प्रश्न तो होता आणि आपण सगळे बगल देऊन पुढं गेलो. ती का गेली? शाळेत 'तुर्क' म्हणून चिडवतात म्हणून आईबापांनीच पोरांशी अरबी बोलणं सोडलं. कुणी बंदी घातली नव्हती. ती गेल्यावर काय राहिलं? गाव राहिलं. पहिल्या दोन पिढ्या लग्नं गावातल्या गावात, म्हणजे सांतियागोत राहून बैत जालाच्या मुलाला बैत जालाचीच मुलगी. सांतियागोच्या लास कोंदेस भागात त्यांचा १९३८ चा मोठा क्लब आहे, पोहण्याचा तलाव, टेनिस, लग्नाचे हॉल. पोरं तिथं वाढतात. माझा स्टोअर मॅनेजर म्हणायचा, मी प्रार्थनेत झोपायचो पण तलावात सगळ्या मावशांना ओळखायचो. अस्मिता म्हणजे व्याख्यानंच पाहिजेत असं काही नाही.

पण किंमत मोजलीच. २००८ मध्ये चिलीनं इराक-सीरिया सीमेवरच्या अल-तन्फ छावणीतून ११७ पॅलेस्टिनी निर्वासित आणले. बगदादमध्ये राहिलेली, मुसलमान, अरबीच बोलणारी कुटुंबं. स्वागताला झेंडे होते, भाषणं होती. आणि पाहुण्याशी यजमानाला दुभाष्याशिवाय दोन वाक्यं बोलता येत नव्हती. शंभर वर्षं ज्यांच्या नावानं क्लब चालवला ती माणसं दारात, आणि 'जेवलात का' विचारायला तिसरा माणूस लागतो. इथं मामांचं म्हणणं खरं ठरतं. फक्त ते म्हणतात तसा खेळ खल्लास होत नाही. वजन राहतं, बोलणं जातं.

मला विचारशील तर आपलं नेमकं उलटं झालंय. कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं भरतात, मांडवात माणूस मावत नाही. १८४८ पासूनचं वाचनालय चालू आहे. बोलणं आहे, वजन नाही. आणि संमेलनाहून घरी आलेल्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत, म्हणजे बोलणंही किती दिवस, ते बघायचं.

गोकाकचा शिवा

नमस्कार. माझी घरची भाषा कन्नड, मराठी शेजाऱ्यांची आणि हॉस्टेलची. चुकलं तर सांभाळून घ्या.

चर्चा छान आहे, पण दोन गोष्टी राहिल्या. चिलीतल्या ज्यू लोकांची बाजू कुणी मांडली नाही. थोडी माणसं, त्यातली बरीच स्वतः युरोपातून जीव वाचवून आलेल्यांची नातवंडं. गाझात काही झालं की त्यांच्या दारावर जाब विचारला जातो, त्यांनी काही केलेलं नसताना. एका समाजाचं वजन वाढलं की दुसऱ्याला ते जाणवतं. बेळगावात बसमध्ये कंडक्टरशी कुठल्या भाषेत बोलावं हा विचार मीही करतो, तुम्हीही करता.

दुसरं. सीमेपलीकडं जत तालुक्यात, अक्कलकोटात कन्नड गावं आहेत. जतची काही गावं पाण्यासाठी कर्नाटकात जातो म्हणाली होती, पेपरात मोठं आलं होतं. त्यांना कुणी पॅलेस्टिनी म्हणत नाही. तुलना करायचीच तर दोन्हीकडं करा, एवढंच.

निपाणीकर बाई

शिवाचं पहिलं म्हणणं मी वर्गात सांगितलं असतं, तर पुढच्या बाकांवरून टाळ्या आणि मागून शिट्ट्या आल्या असत्या. बरोबर आहे त्याचं. जतचंही बरोबर आहे. मला आठवतं, आमच्या शाळेत दोन्ही भाषांतली मुलं होती, आणि नकाशा भरायला दिला की सीमारेषा कुठून काढायची यावर मधल्या सुट्टीपर्यंत वाद.

पंक्या, तुला याच्यावर लिहायचं असेल तर १९२५ च्या आदेशावर लिही. फुटबॉलवर सगळेच लिहितात.

वडगावचा मागवाला

बाई, फुटबॉलवर लिहिलं तरच कुणी वाचणार ओ.

काका, एक शंका. पात्रोनातोत आता माल कुणाचा येतो? चीनचा म्हणता, पण सुरतचा जात असेल की. आमच्या पाहुण्यांचा एक कंटेनर कुठंतरी दक्षिण अमेरिकेत जातो म्हणून ऐकलंय.

उद्यमबाग रिटायर्ड

मी गेलो तेव्हा दुकानात ढीग चिनी मालाचा होता. भारताचा माल दिसायचा तो स्कार्फ, कुर्ते, उदबत्तीच्या दुकानांत. सुरतची साडी कोण नेसणार तिथं? पण पाहुण्यांना विचार, पडद्याचं कापड जात असेल.

नंदगडचा पंक्या

मी मामा बोलायलोय, पंक्याच्या फोनवरून. टाइप तोच करायलाय.

उद्यमबागवाले, 'बोलणं आहे, वजन नाही' हे झोंबलं. पण विचारतो: तुमच्या त्या उजव्या सेनेटरला उद्या पक्षानं सांगितलं, पॅलेस्टाईन सोड नाहीतर तिकीट सोड, तर तो काय सोडेल? आमच्यावर ही वेळ दर निवडणुकीला येते. आमच्यातल्या चांगल्या पोरांनी तिकीट घेतलं आणि आम्ही त्यांना गद्दार म्हटलं. काहींना म्हणायला नको होतं. पण बाकीच्यांना काय म्हणायचं होतं मग?

उद्यमबाग रिटायर्ड

मामा, तशी वेळ त्याच्यावर आलेली मी बघितली नाही, म्हणून तो काय करेल ते सांगू शकत नाही. तिकीट घेतलेल्या आपल्या पोरांपैकी दोघं माझ्या ओळखीचे आहेत. एकानं गावातली मराठी शाळा बंद पडू दिली नाही, कुठं भाषण केलं नाही, फाईल धरून बसला. दुसऱ्यानं भाषणं पुष्कळ केली. तुम्ही दोघांनाही एकच शब्द वापरला होता.

हे फोनवर टाइप करून मिटायचं नाही. संध्याकाळी सहानंतर मी वाचनालयात पेपरच्या टेबलाशी असतो. या. पंक्यालाही आणा, पण त्याला म्हणावं आधी बाईंचं १९२५ वाचून ये.